फुलं सरस की हिरा? यान ब्रूगेलच्या १६०६ च्या पुष्पगुच्छाचं प्रकरण

२५ ऑगस्ट १६०६ या तारखेचं एक पत्र आहे. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पच्या यान ब्रूगेल या चित्रकारानं ते मिलानचे आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ यांना लिहिलं. फुलांचं एक चित्र पुरं झाल्याची खबर त्यात आहे. चित्रकार सांगतो की फुलांच्या खाली मी एक दागिना रंगवलाय, सोबत काही नाणी आणि समुद्रातल्या दुर्मीळ वस्तू. फुलं सोन्या-रत्नांहून सरस ठरतात की नाही, याचा निवाडा आता आपणच करावा.

वाचताना हे विनयाचं बोलणं वाटतं, पण माझ्या मते ही मोबदल्याची बोलणी आहे आणि ती फार चतुराईनं केलेली आहे. त्या काळच्या फ्लेमिश, म्हणजे अँटवर्पकडच्या मुलखातल्या, पुष्पचित्रांपैकी फार थोड्या चित्रांच्या मागे इतका कागदोपत्री पुरावा उरलाय. चित्र सुरू असतानाची चित्रकाराची पत्रं आहेत, चित्र मिळाल्यावर ग्राहकानं काय केलं हे ग्राहकानंच लिहून ठेवलंय, आणि खुद्द चित्र मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात आजही पाहता येतं. म्हणून एका चित्रकाराचं आयुष्य आणि त्याचं काम समजून घ्यायला हे एकच प्रकरण उलगडून पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

यानचा जन्म १५६८ साली ब्रसेल्समध्ये झाला. वडील थोरले पीटर ब्रूगेल. शेतकऱ्यांची लग्नं, बर्फातले शिकारी, गावजत्रा रंगवणारे ते विख्यात चित्रकार. पण यान जेमतेम वर्षाचा असताना, १५६९ मध्ये, ते वारले, त्यामुळे बापाच्या हाताखाली शिकणं त्याच्या नशिबात नव्हतं. आईही १५७८ मध्ये गेली. मुलांना आजीनं वाढवलं. ही आजी, मायकेन वेरहुल्स्ट, स्वतः चित्रकार होती आणि जलरंगात लहान आकाराची बारीक कामं करायची. यानला पहिले धडे तिनंच दिले, असं कारेल व्हान मांडर या समकालीन चरित्रकारानं नोंदवलंय. नातवाच्या हाताला पुढे जी नजाकत आली तिचं मूळ मला या आजीच्या घरात दिसतं. मोठ्या फलकावर झपाट्यानं काम करणाऱ्या उस्तादाकडे तो पहिल्यांदा शिकला असता तर त्याचा हात वेगळा झाला असता.

विशीत तो इटलीला गेला. नेपल्स, मग रोम. रोममध्ये त्याची गाठ बोरोमेओंशी पडली. दोघं जवळपास एकाच वयाचे. बोरोमेओंचा जन्म १५६४ चा. १५९५ मध्ये बोरोमेओ मिलानचे आर्चबिशप झाले, तेव्हा यानही मिलानला जाऊन त्यांच्या आश्रयाला राहिला. १५९६ मध्ये तो अँटवर्पला परतला, पण हा संबंध तुटला नाही. पुढची जवळपास तीस वर्षं पत्रं आणि चित्रं आल्प्स ओलांडून जात राहिली. यानचं इटालियन मोडकंतोडकं होतं. पुढे पुढे त्याचा मित्र, अँटवर्पचाच विख्यात चित्रकार पीटर पॉल रुबेन्स, त्याच्यासाठी ही पत्रं लिहून द्यायचा आणि यान त्याला ‘माझा चिटणीस रुबेन्स’ म्हणायचा. १६०६ मध्ये मात्र रुबेन्स इटलीतच होता, त्यामुळे या प्रकरणातली पत्रं यानच्या स्वतःच्या अडखळत्या भाषेतली आहेत.

परतल्यावर त्याचा जम चांगला बसला. १५९७ मध्ये तो सेंट ल्यूकच्या चित्रकार संघात मास्टर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा उस्ताद, झाला आणि काही वर्षांतच संघाचा प्रमुखही. १५९९ मध्ये त्यानं इसाबेला दे योडे हिच्याशी लग्न केलं. ती १६०३ मध्ये वारली, पदरात दोन लहान मुलं ठेवून. १६०५ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं. अँटवर्पची अवस्था त्या वेळी काही बरी नव्हती. १५८५ मध्ये शहर स्पेनच्या फौजेनं घेतलं, उत्तरेकडच्या डचांनी शेल्ट नदीचं मुख अडवलं, आणि एकेकाळी लाखाच्या घरातली वस्ती निम्म्याहून खाली आली. १६०६ मध्ये स्पेन आणि डचांमधला बारा वर्षांचा युद्धविराम व्हायला अजून तीन वर्षं होती. या शहरातले कारागीर तगले ते मुख्यतः लहान, वाहून न्यायला सोप्या आणि महागड्या वस्तूंवर. यानची चित्रं तशीच होती.

न मागवलेलं चित्र

१४ एप्रिल १६०६ च्या पत्रात या गुच्छाचा पहिला उल्लेख येतो. तिथे यान म्हणतो की मी एक फुलांचा गुच्छ सुरू केलाय आणि तो आपल्यासाठी राखून ठेवलाय. ही शब्दरचना मला महत्त्वाची वाटते. ‘आपल्या आज्ञेनुसार’ असं तो लिहीत नाही. म्हणजे हे काम त्यानं आपणहून अंगावर घेतलेलं होतं, रक्कम ठरलेली नव्हती, आणि कार्डिनलना ते आवडेल याची हमी कुणी दिलेली नव्हती. कार्डिनलकडे त्याची निसर्गचित्रं आधीच होती. फुलं मात्र नवीन होती. यानच्या पुष्पचित्राची कागदावर सापडणारी पहिली नोंद हीच.

त्याच पत्रात तो सांगतो की काही फुलं अँटवर्पमध्ये मिळत नाहीत, ती प्रत्यक्ष पाहून रंगवण्यासाठी मी ब्रसेल्सला जाऊन आलो. ब्रसेल्समध्ये या मुलखाचे राज्यकर्ते आर्चड्यूक आल्बर्ट आणि इसाबेला यांचा दरबार होता आणि त्यांच्या राजवाड्याला बागा होत्या. तिथली फुलं कुणालाही हात लावायला मिळत नव्हती. ट्युलिप, शाही फ्रिटिलेरिया, जातिवंत ॲनिमोन ही कंदांची झाडं ऑटोमन मुलखातून आणि त्याही पलीकडून इस्तंबूल-व्हिएन्ना मार्गे पश्चिम युरोपात येऊन काही दशकंच झाली होती. कारोलुस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १५९३ पासून लायडेनच्या बागेत त्यांची निगुतीनं जोपासना केली आणि त्यांचे कंद हौशी लोकांच्या हाती जाऊ लागले. अमेरिकेतून येणारी फुलं वेगळीच. आपल्या दारांवर दसऱ्याला चढणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्या काळच्या फ्लेमिश गुच्छांत तोही नवलाईचा पाहुणा म्हणून दिसतो.

इथे एक घोटाळा दूर केलेला बरा. ट्युलिपच्या कंदांचा तो प्रसिद्ध सट्टा आणि त्याची घसरगुंडी १६३६-३७ ची, तीही उत्तरेकडच्या हॉलंडमधली. यानचा गुच्छ त्याच्या तीस वर्षं आधीचा आहे. १६०६ मध्ये दुर्मीळ फूल म्हणजे कुणा मोठ्या माणसाच्या बागेत शिरकाव असणं. यानला तो होता, आणि याच सुमारास तो आर्चड्यूकांच्या दरबाराशी कायमचा जोडला गेला. पत्रात तो ब्रसेल्सची फेरी मुद्दाम सांगतो, कारण आपली पोच कुठवर आहे हेही कार्डिनलना कळायला हवं होतं.

तांब्याच्या पत्र्यावर साडेचार महिने

चित्र तांब्याच्या पत्र्यावर आहे, उंची ६५ सेंटिमीटर, रुंदी ४५. तांबं निवडण्याचं कारण साधं आहे. कापडाला वीण असते, लाकडाला रेषा असतात. तांबं घासून गुळगुळीत केलं की कुंचल्याच्या टोकाला काहीही अडत नाही. तांबं तेल शोषत नाही, त्यामुळे जवसाच्या तेलात कालवलेला रंग वर राहतो आणि त्याची झळाळी टिकते. एखाद्या केसाएवढी शीर पाकळीवर ओढायची तर याहून चांगला पृष्ठभाग त्या काळी नव्हता. अँटवर्पमध्ये छापकामासाठी तांब्याचे पत्रे तयार होतच होते. यानचा पहिला सासरा तर नकाशे आणि छापचित्रांचा प्रकाशक होता.

आता कामाची पद्धत पाहा. फूल कुंडीत असो वा तोडून आणलेलं, त्याला वेळ थोडा. ट्युलिप उघडलं की दोन-चार दिवसांत पाकळ्या सैल पडतात. तेलरंगाला वाळायला मात्र दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे पाकळीचा मूळ रंग भरायचा, तो ओला असतानाच सावली त्यात मिसळायची, आणि शिरा व कडा बारीक कुंचल्यानं काढून त्या फुलापुरतं काम शक्य तितकं उरकायचं. नंतर सुकल्यावर पातळ पारदर्शक थर देऊन रंग खोल करता येतो, पण आकार आणि ठेवण तेव्हाच पकडावी लागते. पकडली नाही तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. गुच्छात शंभराहून जास्त फुलं असल्याचं यान लिहितो. ती एका मोसमात फुलत नाहीत. नार्सिसस आणि लहान कंदफुलं वसंताच्या सुरुवातीला, ट्युलिप एप्रिलमध्ये, आयरिस मे महिन्यात, पिओनी आणि गुलाब जूनच्या आसपास, पांढऱ्या लिली त्याच्याही नंतर. पहिलं पत्र एप्रिलच्या मध्याचं आणि शेवटचं ऑगस्टच्या अखेरीचं, हा साडेचार महिन्यांचा काळ बागेच्या वेळापत्रकाशी बरोबर जुळतो. चित्राची गती फुलं ठरवत होती.

मला या चित्रात सगळ्यात जास्त भावते ती मांडणी. एकेका फुलाला त्याची जागा आहे. कुणी कुणाच्या फारसं आड येत नाही. मोठी, उंच दांड्याची फुलं वर, आणि खाली येता येता चिमुकली फुलं भांड्याच्या तोंडाशी दाटलेली. प्रत्यक्षात एवढ्या दांड्या त्या भांड्यात मावणार नाहीत, मावल्या तरी भांडं कलंडेल. यानला हे कळत नसेल असं कोण म्हणेल? आधी रंगवलेल्या फुलांच्या बाजूला, न आलेल्या फुलासाठी जागा सोडत सोडत त्यानं हा गुच्छ रचला. मेमध्ये काम करताना जुलैच्या लिलीची जागा डोक्यात पक्की असली पाहिजे. मागची पार्श्वभूमी गडद आहे, म्हणून प्रत्येक पाकळीची कड ठळक उठते. ही चित्रं पाहताना लोक ‘किती हुबेहूब’ म्हणून थांबतात. मला त्यातली ही आखणी जास्त थोर वाटते.

हे काम त्याला किती जड जात होतं, हे पुढच्या पत्रांतून कळतं. एर्कोले बियांकी या मिलानच्या संग्राहकाशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याला तो लिहितो की फुलं सगळी प्रत्यक्ष बघून करावी लागतात, त्यात इतके कष्ट आहेत की त्यापेक्षा मी दोन निसर्गचित्रं आनंदानं करीन. फुलांसाठी मखमली हाताचा म्हणून ज्याचं नाव झालं, त्याचा हा कबुलीजबाब आहे.

कार्डिनलचा निवाडा

तर ऑगस्टमध्ये चित्र निघालं आणि सोबत तो प्रश्न गेला. भांड्याच्या पायथ्याशी हिऱ्याचा दागिना, नाणी, शिंपले. पैसे, रत्न आणि निसर्गातलं नवल अशा तीन प्रकारच्या मौल्यवान वस्तू खाली ठेवून त्यांच्या वर फुलं उभी केली. दरबारी माणसाकडे तोंडानं मोबदला मागता येत नाही, आणि कार्डिनलकडे तर नाहीच. कामाचा भाव करणं त्या नात्यात शोभणारं नव्हतं. याननं भाव चित्रातच मांडला.

बोरोमेओंना तो कळला. १६२५ साली त्यांनी आपल्या संग्रहाचं वर्णन करणारं ‘मुसेउम’ हे लॅटिन पुस्तक काढलं. त्यात या चित्राबद्दल ते म्हणतात की चित्रकारानं भांड्याखाली हिरा रंगवला, आणि तो पाहून आम्हाला जे समजलं ते आम्ही एरवीही मानलंच असतं: या कृतीचं मोल रत्नांच्या मोलाइतकं आहे, असं त्याला सुचवायचं होतं, आणि तेवढंच आम्ही त्याला दिलं.

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक, ग्राहकानं सूचना ओळखली आणि ती मान्य केली. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हिरा नसता तरी आमचं मत तेच झालं असतं, असं म्हणून त्यांनी चित्रकाराची लाजही राखली. मागणाऱ्यानं मागितलं नाही, देणाऱ्यानं मागितलं म्हणून दिलं नाही, आणि व्यवहार चोख झाला. अशी समज असलेला आश्रयदाता मिळणं ही यानच्या कर्तृत्वाइतकीच त्याच्या नशिबाची गोष्ट होती.

हे पुस्तक निघालं त्याच वर्षीच्या १३ जानेवारीला यान वारला होता. छापील पानावरचं हे कौतुक त्याच्या हाती पडलं असण्याची शक्यता नाही. पैसे मात्र वेळेत मिळाले होते, आणि एका मोठ्या कुटुंबाच्या कर्त्याला ते जास्त गरजेचं होतं.

नश्वरतेचा अर्थ इथे बसतो का?

फ्लेमिश आणि डच पुष्पचित्रांबद्दल लिहिताना एक ठरावीक वाक्य येतं: फूल कोमेजतं, तसं आयुष्यही कोमेजतं, म्हणून ही चित्रं मृत्यूची आठवण देतात. काही चित्रांच्या बाबतीत ते खरं आहे. कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती तिथे उघडपणे ठेवलेली असते. पण तोच अर्थ प्रत्येक गुच्छावर चिकटवण्याला माझा विरोध आहे, आणि हे प्रकरण त्याचं चांगलं कारण आहे. हिरा आणि नाणी बघून कुणीही ‘ऐहिक संपत्ती व्यर्थ’ असा उपदेश इथे वाचू शकेल. पत्रं हाती असल्यामुळे आपल्याला माहीत आहे की चित्रकाराच्या मनात काय होतं. त्याला फुलांची थोरवी आणि आपल्या कष्टाची किंमत सांगायची होती.

आणि ग्राहकाच्या मनात? बोरोमेओ हे कडक धर्मसुधारकांच्या घराण्यातले, सुधारक संत कार्लो बोरोमेओंचे चुलत भाऊ. पण निसर्गाकडे ते देवाच्या उदारतेची खूण म्हणून बघत. आपल्या अभ्यासाच्या खोलीबद्दल लिहिताना ते सांगतात की हिवाळ्यात सगळं बर्फाखाली गेलं की रंगवलेल्या फुलांच्या दर्शनानं, अगदी त्यांच्या कल्पित वासानंसुद्धा, मला सुख मिळतं. आणि ही फुलं खऱ्या फुलांसारखी क्षणिक नसून टिकाऊ आहेत हेच त्यांना आवडत होतं. म्हणजे ज्याला आपण क्षणभंगुरतेचं चित्र म्हणतो, ते पहिल्या मालकानं न कोमेजण्यासाठी जवळ ठेवलं होतं. याच कार्डिनलकडे काराव्हाजो या इटालियन चित्रकाराचं फळांच्या टोपलीचं चित्रही होतं, ज्यात पानं किडलेली आणि सुकलेली दिसतात. त्याला जोड म्हणून दुसरं चित्र ठेवावं अशी त्यांची इच्छा होती, पण त्या तोडीचं काही मिळालं नाही, असं ते लिहितात. किडलेलं पान आणि ताजी पाकळी, दोन्ही पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती.

पुढे काय झालं

या यशानंतर यान आणि बोरोमेओ या दोघांनी मिळून एक नवा प्रकार रुळवला. १६०८ च्या सुमारास याननं बोरोमेओंसाठी फुलांच्या माळेचं चित्र केलं. मधली मेरी आणि बालयेशू यांची लहान प्रतिमा हेंड्रिक व्हान बालेननं रंगवली आणि भोवतीची माळ याननं. देवाच्या प्रतिमेभोवती फुलांची माळ ही कल्पना आपल्याला रोजची वाटेल. कॅथलिक युरोपच्या चित्रकलेत हा प्रकार तिथून फोफावला आणि अँटवर्पच्या चित्रकारांची पुढची पिढी त्यावर जगली.

त्या पिढीतला सर्वात नावाजलेला म्हणजे यानचा शिष्य डॅनियल सेगर्स. तो १६११ मध्ये चित्रकार संघात मास्टर झाला आणि १६१४ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात बंधू म्हणून दाखल झाला. त्याच्या कामाला मोबदला घेण्याचा प्रश्नच उरला नाही; त्याची चित्रं धर्मसंघातर्फे राजेरजवाड्यांना भेट म्हणून जात. कुणाला कोणतं चित्र गेलं याची यादी त्यानं स्वतः ठेवली, त्यात २३९ चित्रं आहेत. डच प्रोटेस्टंटांचा नेता ऑरेंजचा राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिक यालाही चित्र गेलं, आणि परतभेट म्हणून सोन्याचं पॅलेट, म्हणजे रंग कालवायची पाटी, आलं. गुरूनं हिरा रंगवून मोल सुचवलं, शिष्यानं काहीच न मागता सोनं मिळवलं. चित्राचं मोल आणि चित्रकाराचा मान यांची बोलणी दोन्हीकडे चाललीच होती, फक्त वेगळ्या रीतीनं.

याननं स्वतः पुढेही फुलं रंगवली. व्हिएन्ना आणि म्युनिकच्या संग्रहांत त्याचे मोठे गुच्छ आहेत. तीच फुलं, त्याच वळणानं, वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा दिसतात. ‘सगळं प्रत्यक्ष बघून’ हे त्याचं म्हणणं आणि ही पुनरावृत्ती यांचा मेळ लावायचा तर माझा अंदाज असा: एकदा प्रत्यक्ष पाहून जिंकलेलं फूल त्यानं जपून ठेवलं आणि पुन्हा वापरलं. एवढे कष्ट करून मिळवलेला आकार कोण टाकून देईल? पण बोरोमेओंचा गुच्छ हा त्या साठ्याच्या सुरुवातीचा आहे, म्हणून तिथल्या शोधाला वेगळी धार आहे.

१६२५ च्या जानेवारीत अँटवर्पमध्ये आलेल्या साथीत यान आणि त्याची तीन मुलं दगावली. रुबेन्स मागे राहिलेल्या मुलांचा एक पालक झाला. थोरला मुलगा, धाकटा यान, तेव्हा इटलीत होता. तो परतला, वडिलांची कार्यशाळा त्यानं हाती घेतली, अर्धवट चित्रं पुरी केली, वडिलांच्या रचना पुन्हा रंगवल्या आणि आपल्या कामांची व विक्रीची वही ठेवली. त्यामुळे आज ‘ब्रूगेल’ नावाखाली फिरणाऱ्या गुच्छांपैकी बापाचा कोणता आणि लेकाचा कोणता, हा अभ्यासकांचा रोजचा वाद आहे. १६०६ चा गुच्छ त्या वादाबाहेर आहे. बोरोमेओंनी १६१८ मध्ये आपला संग्रह आंब्रोझियानाला दान केला तेव्हा तो तिथे गेला, आणि बाकीच्या गुच्छांची पारख करताना अभ्यासक हात पडताळून पाहतात ते याच पत्र्याशी.